ठासणीच्या बंदुकीच्या दस्त्यात लॉक बसवतोय, पुढच्या बाजूला व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट राहिलीये

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. सुतारकाम आणि टूलरूमवाली बरीच माणसं इथे आहेत म्हणून इथेच विचारतोय.

मी पेनसिल्व्हेनियात ॲलनटाऊनजवळ राहतो. इथे ख्रिसमसनंतर हरणांचा एक वेगळा सीझन असतो, त्यात फक्त चकमकीची म्हणजे फ्लिंटलॉक बंदूक चालते. ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याबरोबर दोन वर्षं गेलो आणि मला शिकारीपेक्षा त्याने स्वतःच्या हाताने बनवलेल्या लाँगरायफलचाच नाद लागला. माझे आजोबा चिपळूणला सुतार होते, त्यांच्या तीन पटाश्या माझ्याकडे आहेत, मग म्हटलं आपणही करूया.

दस्ता कर्ली मेपलचा आहे. बॅरलची खाच आणि गजाचं (दारू-गोळी ठासायच्या दांड्याचं) भोक मशीनवर करून आलंय, बाकी सगळं हाताने करायचं. बॅरल ४२ इंची, अष्टकोनी, ५० कॅलिबर, स्वॅम्प्ड आहे, म्हणजे मागे जाड, मधे बारीक होत गेलेलं आणि तोंडाशी परत थोडं जाड. बॅरल आणि त्याचं शेपूट (टँग) नीट बसलंय, त्यात मी समाधानी आहे.

आता लॉक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लॉक म्हणजे एका लोखंडी पट्टीवर बसवलेली सगळी यंत्रणा: बाहेरून गारगोटी धरणारा घोडा, रंजकाची (पेटवायच्या बारीक दारूची) वाटी आणि वाटीवर झाकणासारखं उभं राहणारं फ्रिझन ज्यावर गारगोटी घासून ठिणग्या पडतात, आतून मोठी स्प्रिंग, टंबलर (घोड्याबरोबर फिरणारा खाचांचा तुकडा), सिअर (त्या खाचेत अडकून घोडा धरून ठेवणारी कळ) वगैरे. ही अख्खी पट्टी दस्त्याच्या उजव्या बाजूला लाकडात अशी बसवायची की बाहेरचा पृष्ठभाग लाकडाशी सपाट यावा आणि कडेला केस जाईल एवढीही जागा राहू नये.

मी लॉक पूर्ण सुटं केलं, नुसती पट्टी घेतली. वाटीच्या मागे पट्टीला जो जाड ठोकळा असतो (बोल्स्टर) तो बॅरलच्या बाजूला टेकला पाहिजे, म्हणून आधी त्याच्यापुरती जागा केली, मग पट्टी लाकडावर सपाट टेकवून चाकूने कडेने रेघ मारली आणि पटाशीने रेघेवर उभे टोचे देत देत खाली गेलो. दोन आठवडे रोज रात्री तासभर. आता प्रॉब्लेम दोन आहेत.

एक, बोल्स्टर बॅरलला मागच्या टोकाला टेकतोय पण पुढच्या टोकाला नाही. तिथे व्हिजिटिंग कार्ड सहज जातं. पट्टी अजून साधारण १ मिमी लाकडाच्या वर आहे.

दोन, पट्टीच्या शेपटीला वरच्या कडेने पटाशी रेघेच्या बाहेर सरकली, तिथे जवळजवळ अर्धा मिमी फट पडलीये, लांबी साडेतीन सेंटिमीटर. मेपलचे रेषे तिथे एकदम उलटे फिरतात ते मला दिसलंच नाही.

कान (वाटीतली आग बॅरलमधल्या दारूपर्यंत नेणारं भोक) अजून पाडलेला नाही. लॉकचे बोल्टही नाहीत. पुढे जाऊ की थांबू? हा दस्ता माझ्यासाठी महाग आहे, फेकून द्यायची वेळ येऊ नये एवढीच इच्छा.

टूलरूम_आबा

आधी थांबलात हे फार चांगलं केलंत. मी बंदुकीचं काम कधी केलेलं नाही, पण पिंपरीत ३४ वर्षं डाय फिटिंग केलंय आणि तुमचं वर्णन वाचून हे त्याच जातीचं काम वाटतंय. दोन प्रश्न.

पट्टीची कड काटकोनात आहे की आतल्या बाजूला थोडी निमुळती केलीये? आणि खाली जाताना कुठे टेकतंय ते बघायला काय लावताय, की अंदाजाने खरवडताय?

वाशिष्ठीकाठ

आबा, कड कानशीने अंदाजे ३ अंश निमुळती केलीये, बाहेर मोठी आत लहान. खुणेसाठी सुरुवातीला पेन्सिलचं शिसं चोळत होतो, ते नीट उठत नाही म्हणून नंतर नजरेनेच केलं. तिथेच चुकलं बहुतेक.

टूलरूम_आबा

नजरेने नाही चालणार. डाय स्पॉटिंगला आम्ही निळं लावतो, प्रशियन ब्ल्यू. पातळ थर लावायचा, भाग जागेवर दाबायचा, लाकडी हातोडीने हलकी टिचकी, बाहेर काढायचा, जिथे निळं उठलं फक्त तेवढंच खरवडायचं, परत लावायचं. शंभर वेळा करायला लागलं तरी शंभर वेळा. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याच्याकडून फिटिंग होत नाही.

निमुळत्या कडेबद्दल एक हिशेब सांगतो म्हणजे खोटी आशा नको. ३ अंशाच्या उताराला १ मिमी खाली गेलं की कडेला ०.०५ मिमी भरून येतं, एवढंच. त्यामुळे पट्टी खाली बसली की अर्धा मिमीची फट आपोआप मिटेल असं धरून चालू नका. उतार असतो तो पट्टी बुचासारखी घट्ट बसावी आणि काढताना लाकडाची कड उचकटू नये म्हणून.

कोकणकन्या

मी कुडाळला फर्निचर करते, तिसरी पिढी. आबांच्या निळ्याला माझा विरोध, लाकडात ते निळं रेषांमधे शिरलं की निघत नाही आणि मेपलसारख्या पांढऱ्या लाकडावर तर कायमचं दिसेल. त्यापेक्षा घरची काजळी धरा. एरंडेलाचा दिवा लावायचा, वर तांब्याची ताटली पालथी, तासाभरात भरपूर जमते, तेलाच्या दोन थेंबांत कालवून बोटाने पुसून काढल्यासारखी लावायची. जाड लावलीत तर सगळीकडेच काळं दिसेल आणि काहीच कळणार नाही. बाहेरच्या पृष्ठभागाला लागू देऊ नका, खाचेच्या आतच राहू दे, नाहीतर पुढे पॉलिश घेताना तेलाचे डाग दिसतील.

आणि पटाशी. तुमच्या आजोबांच्या आहेत ना, मग पोलाद चांगलंच असणार, पण धार कशी आहे? मेपलच्या आडव्या रेषांवर म्हणजे खाचेच्या दोन टोकांना पटाशीने चकचकीत कापलं पाहिजे, कुस्करल्यासारखं पांढुरकं दिसलं तर धार गेलीये समजायचं. दर दहा मिनिटांनी चामड्यावर ओढायची. रेघेवर टोचा देताना एकदम खोल नाही, अर्धा मिमी टोचा, मग आतल्या बाजूने रेघेकडे सालपट काढायचं, मग परत अर्धा मिमी. जिथे रेषे उलटे फिरतात तिथे पटाशी ढकलायचीच नाही, उभी धरून खरवडायची.

अर्ध्या मिमीच्या फटीला आत्ता हात लावू नका. का ते सांगते, आधी एक सांगा, पट्टीच्या भोवतीचं लाकूड शेवटच्या मापाला आलंय का वर जास्तीचं ठेवलंय?

वाशिष्ठीकाठ

ताई, जास्तीचं आहे, अंदाजे दीड मिमी.

कोकणकन्या

मग जीव भांड्यात पडू द्या :) टोचे देताना वरच्या थरातली कड नेहमी दबते, गोलसर होते. ते दीड मिमी उतरवलं की दबलेली कडही जाते आणि फट बरीचशी कमी दिसते. जी उरेल ती मग बघू. बिजागरीच्या खाचेला आम्ही हेच करतो.

तोडेदार

वाचतोय. थोडं अवांतर होईल पण राहवत नाही. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुका, पुण्यात केळकर संग्रहालयात किंवा मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बघायला मिळतात, त्यात ही पट्टी बाजूने कोरून बसवायची गोष्टच नाही. जळता तोडा धरणारा घोडा दस्त्याच्या मधल्या फटीतून वर येतो, यंत्रणा लाकडाच्या पोटात असते आणि दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या. स्प्रिंगही बेताचीच, कारण तोडा नुसता रंजकावर टेकवायचा असतो, आपटायचा नसतो. चकमकीला मात्र घोडा जोरात आपटावा लागतो, म्हणून मोठी स्प्रिंग, म्हणून ती जाड पट्टी, म्हणून लाकडात एवढा मोठा खड्डा. त्या खड्ड्यामुळेच दस्ता मनगटाशी कमजोर होतो, जुन्या फ्लिंटलॉक तिथेच मोडलेल्या आणि पितळी पत्र्याने सांधलेल्या दिसतात.

कान, रंजक, गज हे शब्द तुम्ही वापरताय ते बघून बरं वाटलं. "तोफांच्या कानात खिळे ठोकले" हे बखरींत वाचतो पण कान म्हणजे नक्की कुठलं भोक ते आज किती जणांना माहीत असेल.

नाझरेथकर

उशिरा बघितलं. मी तुमच्यापासून अर्ध्या तासावर नाझरेथला आहे, गेल्या अकरा वर्षांत चार बनवल्यात, पाचवी शिकंज्यात आहे. तुमचा पहिला प्रॉब्लेम मला शब्दन् शब्द ओळखीचा आहे कारण माझ्या पहिल्या बंदुकीत तो तसाच झाला होता.

तुम्ही पट्टी दस्त्याच्या मध्यरेषेला समांतर बसवलीये. बरोबर ना? सरळ बॅरलला ते चालतं. पण तुमचं बॅरल स्वॅम्प्ड आहे, मागे जाड आणि पुढे बारीक होत जातं, म्हणजे त्याची उजवी बाजू मध्यरेषेला समांतर नाहीच, मागे बाहेर पसरलेली आहे. लॉक बॅरलच्या त्या बाजूला समांतर बसायला हवं. मग पट्टीचं नाक आत जातं आणि शेपूट बाहेर येतं. जुन्या पेनसिल्व्हेनिया रायफली वरून बघितल्या तर लॉकपाशी मागे रुंदावत गेलेल्या दिसतात, त्याचं एक कारण हेच.

तर आता मागच्या अर्ध्याला अजिबात हात लावायचा नाही. फक्त नाकाच्या बाजूचा तळ आणि बोल्स्टरच्या पुढच्या टोकाखालचं लाकूड काजळी बघून खरवडत जा. पट्टी मागच्या टेकूवर झुलल्यासारखी पुढे आत जाईल आणि कार्ड जायचं बंद होईल. पट्टी १ मिमी वर आहे हे तुमचं नशीब, पूर्ण खाली बसवून झाल्यावर कळलं असतं तर अवघड होतं.

ही फट का चालत नाही तेही लिहितो. वाटीतलं रंजक फार बारीक असतं, तेवढ्या फटीतून ते बोल्स्टर आणि बॅरलच्या मधे उतरतं, लॉकच्या आत जातं. मग एक दिवस तेही पेटतं, लाकूड आतून जळतं, लॉक गंजतं. आणि फक्त बॅरलला टेकणं पुरेसं नाही, बॅरल आणि बोल्स्टर प्रकाशात धरून बघा, उजेड दिसता कामा नये.

कान पाडला नाहीत हे फार म्हणजे फार बरं केलंत. लोक आधी कान पाडतात आणि मग लॉक त्याच्यामागे पळवत बसतात. क्रम असा की बॅरल दस्त्यात ठरलं की ब्रीचप्लगचं (बॅरलचं मागचं टोक बंद करणाऱ्या बुचाचं) तोंड कुठे येतं ते मोजायचं, त्याच्या जरासं पुढे कान येणार, म्हणून वाटीचा मध्य तिथे आणायचा, आणि लॉक कायमचं बसल्यावरच ड्रिल. उंचीचं माप, वाटीचा वरचा काठ म्हणजे क्षितिज आणि कान म्हणजे त्यावर अर्धा बुडालेला सूर्य.

मध्यरात्रीचा_वाचक

खूप मस्त धागा. असं किट पुण्यात मागवून करता येईल का?

तोडेदार

परवान्याशिवाय नाही. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे ठासणीची बंदूकही बंदूकच, बाळगायला परवाना आणि बनवायला वेगळा परवाना. अमेरिकेत १९६८ च्या केंद्रीय कायद्यात अशा जुन्या पद्धतीच्या बंदुका सर्वसाधारण बंदुकांच्या व्याख्येतून वगळल्यात, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. इथे राहून हात बसवायचा असेल तर सागाच्या ठोकळ्यात जुनं कुलूप बसवून बघा, कौशल्य तेच लागतं.

वाशिष्ठीकाठ

नाझरेथकर, अगदी तेच!! आत्ता बॅरलच्या बाजूला पट्टी धरून बघितली, शेपटीशी मध्यरेषेच्या हिशेबाने मिमीभर फरक येतोय. हे कुठल्याच व्हिडिओत मला कळलं नव्हतं. आबा, ताई, तोडेदार सगळ्यांचे आभार. ताटलीवर काजळी धरलीये, फायर अलार्मची बॅटरी काढून मग आठवणीने परत लावली.

आतल्या भागांचं कसं करू? सगळं जोडून एकदम दाबायचं की एकेक?

नाझरेथकर

एकेक. एकदम दाबलंत तर काय टेकतंय ते कळणारच नाही. पट्टी पूर्ण बसली की आधी टंबलर आणि त्याच्यावरचा ब्रिडल (त्याला आतून धरणारी छोटी पट्टी), मग सिअर, मग सिअरची स्प्रिंग, सगळ्यात शेवटी मोठी स्प्रिंग. प्रत्येकाला काजळी, प्रत्येकाला तेवढाच खड्डा. मोठी स्प्रिंग काढ-घाल करायला तिचा खास शिकंजा मिळतो तोच वापरा, पकडीने ओढू नका, निसटली तर बोट फोडते आणि वाकडी दाबली गेली तर तुटते.

इथे एक फार महत्त्वाचं. पट्टीचं काम म्हणजे जिथे टेकतंय तिथे टेकू द्यायचं, पण आतले भाग हलणारे आहेत, त्यांना लाकूड लागताच कामा नये, घोडा पडलेला असताना नाही, अर्ध्यावर असताना नाही, पूर्ण ओढलेला असतानाही नाही. सिअरचा आडवा दांडा मोकळा नसेल तर सिअर टंबलरच्या खाचेत पूर्ण पडत नाही, अर्ध्या चापावर (घोडा अर्धा ओढून) ठेवलेली बंदूक हातातच सुटू शकते. म्हणून काजळी लावून लॉक जागेवर घट्ट करायचं, घोडा दहा-बारा वेळा वरखाली करायचा (गारगोटीच्या जागी लाकडाचा तुकडा), काढून बघायचं. स्प्रिंगच्या खालच्या पात्याला खूण उठली तर तिथे अजून थोडी जागा.

आणि तोडेदार म्हणाले ते खरं, लाकूड जेवढं वाचेल तेवढं वाचवा. जुन्या कारागिरांच्या बंदुका उघडून बघितल्या तर आतला खड्डा कित्येकदा गिरमिटाने भोकं पाडून पटकन उरकलेला असतो, पण बाहेरची कड मात्र घट्ट. त्यांना पोट भरायचं होतं, वेळ कुठे होता. आपल्याला आहे. इथे जवळच जेकब्सबर्गला हेन्री कुटुंबाचा बंदुकांचा कारखाना होता, बोल्टन नावाचा, १८१२ चा, तिथल्या संग्रहालयात लाँगरायफली आहेत, एकदा जाऊन लॉकच्या कडा नुसत्या बघत उभे राहा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तीन तास हललो नव्हतो.

टूलरूम_आबा

लॉक धरणारे बोल्ट कुठून जातात? पट्टीत आटे पाडायचे का?

नाझरेथकर

हो आबा. डाव्या बाजूने बोल्ट येतो, दस्त्यातून आरपार, आणि उजवीकडच्या पट्टीत आटे. मागचा बहुतेक वेळा ब्रीचप्लगच्या खालच्या भागातून जातो. खरी कसोटी पुढच्याची. तो बॅरल आणि गजाचं भोक यांच्या मधल्या लाकडातून जायला हवा, आणि ते लाकूड असतं १/८ इंच, म्हणजे ३ मिमीच्या आसपास. ८-३२ चा बोल्ट आहे ४ मिमीहून जाड. म्हणजे तो कुठेतरी घासणारच. गजाच्या भोकात थोडा डोकावला तर बोल्टला तेवढ्या जागी कानशीने खोबण करायची, गज सरळ जातो. हे सगळे करतात, यात चूक काही नाही. दोन्ही बाजूंनी खूण करून ड्रिल प्रेसवर, हाताने नको.

कोकणकन्या

३ मिमीच्या भिंतीत ४ मिमीचा बोल्ट. माझ्या हाताला घाम फुटला वाचूनच.

वाशिष्ठीकाठ *(तीन आठवड्यांनी)*

मंडळी, अपडेट.

नाकाकडचा तळ उतरवायला चार रात्री लागल्या. मोजले नाहीत पण पट्टी दोनशेवेळा तरी आत-बाहेर केली असेल. सुरुवातीला काजळीचे दोनच ठिपके उठायचे, शेवटी शेवटी सगळ्या तळावर तिळासारखे बारीक ठिपके पसरलेले दिसायला लागले आणि त्या रात्री पट्टी आत गेली ती दाबल्यावर एक बारीक "टक्" असा आवाज करून, काढायला मागून बोल्टच्या भोकातून ठोकावी लागली. बोल्स्टरला टॉर्च लावून बघितलं, उजेड नाही. सिगरेटचा कागद पण जात नाही.

आतल्या भागांत सिअरचा दांडा एका जागी टेकत होता, अर्ध्या चापावर घोडा ठेवला की किंचित सरकत होता. नाझरेथकरांनी लिहिलं नसतं तर मी स्प्रिंग कमजोर आहे समजून गप्प बसलो असतो. दांड्याचं भोक खालच्या बाजूने दीड मिमी वाढवलं, आता तिन्ही अवस्थांत मोकळा.

पुढचा बोल्ट गजाच्या भोकात डोकावलाच. खोबण केली.

ती अर्ध्या मिमीची फट: ताईंनी सांगितलं तसं हात लावला नव्हता, भोवतीचं लाकूड सव्वा मिमी उतरवल्यावर साडेतीनपैकी दीड सेंटिमीटर आपोआप बंद झाली. उरलेल्या दोन सेंटिमीटरला त्याच दस्त्याच्या टाकाऊ तुकड्यातली चिपटी काढली, रेषे जुळवून, पाचरीसारखी निमुळती, सरस लावून बसवली आणि दुसऱ्या दिवशी पट्टीच्या कडेला काजळी लावून परत बसवली. मला दिसते कारण कुठे आहे ते मला माहीतये. बायकोला शोधायला सांगितलं, तिला सापडली नाही.

आजोबांची सर्वांत बारीक पटाशी, पाव इंची, तिनेच जवळजवळ सगळं काम केलं. तिच्या मुठीला त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडलाय, माझा अंगठा त्यात बरोबर बसतो. ते गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो, त्यांनी मला काही शिकवायची वेळच आली नव्हती.

काल रात्री गॅरेजचे दिवे बंद करून लेकीला बाजूला उभं केलं, दोघांनी चष्मे लावले, बॅरल बाहेर काढून ठेवलं, दारू वगैरे काही नाही, नुसतं लॉक दस्त्यात, घोड्यात नवी गारगोटी. चाप अजून बसवलेला नाही म्हणून खालून सिअर काडीने उचलला. ठिणग्यांचा झोत थेट वाटीत पडला आणि वाटीत पडल्यावरही क्षणभर चरचरत होता. लेक म्हणाली परत, मग अजून अकरा वेळा केलं.

कोकणकन्या

फोटो टाका हो, चिपटीच्या जागेचा आधी.

टूलरूम_आबा

तिळासारखे ठिपके. शाब्बास. याला आम्ही फिटिंग म्हणतो.

नाझरेथकर

आता कान. १/१६ इंचाचं ड्रिल घ्या, आधी लॉक बसवून वाटीच्या काठाची रेघ बॅरलवर टोकदार सुईने ओढा, मध्य काढा, पंच मारा, मग बॅरल बाहेर काढून मशीनवर. ब्रीचप्लगचं माप पुन्हा एकदा घ्या, गज आतून टेकवून, बाहेर खूण करून. शनिवारी मोकळा आहे, बॅरल आणि दस्ता दोन्ही घेऊन या, माझ्याकडे ड्रिल प्रेस आहे, पुढच्या बोल्टची खोबणही बघायचीये मला.